निवांत राष्ट्राची कडी

लॅबमध्ये त्यांना सगळे प्रधानजी म्हणत. मानानं नव्हे, चेष्टेनं. खरा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत, हे त्यात प्लास्टर ओतून साचा काढत, मेणात एकेक दात रोवत, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून पितळी डबे घट्ट आवळत आणि ते डबे गरम पाण्यात शिजायला सोडत. बाहेर आलेली कवळी घासून अशी चकचकीत करत की बघणाऱ्याला वाटावं, आपले पडले तेच बरं झालं. पण डबे शिजेपर्यंत दुपार जाते. तेवढ्या वेळात कोणी पेंगतं, कोणी फोनवर नातेवाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतं. प्रधानजी राज्य चालवत.

राज्य म्हणजे फोनवरचा खेळ. त्यात ज्यानं त्यानं आपापला देश काढायचा, त्याला नाव द्यायचं, कायदे करायचे, धान्य कुठून आणायचं, बंदरात जहाजं किती घ्यायची ते ठरवायचं, आणि मग सगळ्या देशांनी एका सभेत बसून भांडायचं. लढाई नाही, बंदूक नाही. नुसती कलमं, दुरुस्त्या, भाषणं आणि मतदान. लॅबमधल्या पॉलिशवालीनं एकदा मान वाकडी करून त्यांच्या फोनमध्ये बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, यात मजा कुठाय? ही तर सोसायटीची मीटिंग झाली!"

"सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं कोण ऐकतं?" प्रधानजी म्हणाले. "इथे ऐकतात."

आणि खरंच ऐकत. त्यांच्या देशाचं नाव निवांत. दोन टेकड्या, एक बंदर, फौज नाही, कारखाना नाही. चिमूटभर देश, पण तो बोलायला उभा राहिला की मोठमोठे देश गप्प बसत. खेळाचा एक नियम मात्र कडक होता. बाहेरचं आत आणायचं नाही. तुम्ही बाई की बुवा, नोकरीवाले की रिकामटेकडे, कोणी विचारायचं नाही आणि तुम्ही सांगायचं नाही. तुम्ही म्हणजे तुमचा देश. प्रधानजींना तेच तर हवं होतं. निवांतच्या प्रतिनिधीला गुडघेदुखी नव्हती.

त्या वर्षी सभेत एकच वाद पेटला होता. पोलादगड नावाच्या दांडग्या देशानं मदत-प्रवेश कायदा आणला होता. एखाद्या देशात संकट आलं, तर सभेनं त्या देशाची परवानगी न घेता आत शिरावं की नाही? पोलादगड म्हणे, शिरावं, लोक मरत असताना परवानग्या कसल्या मागताय? आणि सगळ्या छोट्या देशांच्या वतीनं प्रधानजी म्हणत, मुळीच नाही. आज मदतीला शिराल, उद्या पाहणीला याल, परवा पाय पसराल. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. त्या भाषणात त्यांनी एक वाक्य लिहिलं, ते सभेत इतकं गाजलं की लोक उठसूट तेच फेकायला लागले. "ज्या दाराची कडी आतून लागते ते घर; ज्याची बाहेरून लागते तो कोंडवाडा."

त्या दिवशी ते घरी शीळ घालत गेले. बायको भाजी निवडत होती. तिला सगळं साग्रसंगीत सांगून झालं. ती म्हणाली, "ते सार्वभौमत्व, सार्वभौमत्व काय चाललंय तुमचं? म्हणजे नक्की काय हो?"

"म्हणजे आपल्या घरात आपली मर्जी. बाहेरच्यानं नाक खुपसायचं नाही."

"असं घर असेल तर मला दाखवा एकदा," ती म्हणाली. "मी डबा घेऊन जाईन बघायला."

तेव्हा दोघंही हसले होते.

मग अण्णा राहायला आले. अण्णा म्हणजे प्रधानजींचे वडील. आई गेल्यावर वर्षभर एकटे राहिले, पण गॅस चालू ठेवून झोपले एकदा, आणि ताईनं, म्हणजे प्रधानजींच्या थोरल्या बहिणीनं, परगावाहून फोनवरूनच हुकूम सोडला, "आता पुरे. त्यांना तुझ्याकडे घेऊन जा." ताई सगळी राज्यं फोनवरूनच चालवायची. तिला खेळाची गरज नव्हती.

अण्णांनी जन्मभर सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवला. वरच्या मजल्यावरची ती एवढीशी खोली, भिंतीला चौकोनी भोक, आतून दार बंद. मालकसुद्धा टकटक करून यायचा. खाली हजार माणसं हसायची, रडायची, आणि अण्णा वर एकटे, यंत्राशेजारी स्टुलावर. माणूसघाणे नव्हते, पण दार लावून बसण्याची सवय हाडांत मुरली होती. मुलाच्या घरी आले तेव्हा त्यांना स्वतंत्र खोली देता आली नाही. बाहेरच्या खोलीत पलंग टाकला. येणारा-जाणारा त्यांच्यासमोरूनच. अण्णा कुरकुरले नाहीत. फक्त बाथरूममध्ये गेले की बराच वेळ बाहेर येत नसत. आत करत काही नसत, नुसते स्टुलावर बसून असत. घरात कडी असलेलं तेवढं एकच दार होतं.

आणि तिथेच ते पडले.

सकाळची गडबड होती. आत धप्प आवाज झाला, मग काहीच नाही. "अण्णा! अहो अण्णा!" हाका मारून घसा बसला. आतून हूं की चूं नाही. प्रधानजींनी खांदा लावला, दार हललं नाही. शेजारचा सुतार धावत आला, त्याच्या मागून त्याची बायको, वरच्या मजल्यावरचे दोघं. पटाशी घालून, लाथा घालून एकदाचं दार उघडलं. अण्णा फरशीवर आडवे, कपाळाला खोक, शुद्धीवर होते. अंगावर कपडा नव्हता. दारात पाच माणसं आणि सून.

मोडलं-तुटलं काही नव्हतं. कपाळाला टाके पडले, कंबर ठणकली, आठवड्यात हिंडू-फिरू लागले. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. पण प्रधानजींच्या डोळ्यांसमोरून एक गोष्ट हलेना. सगळ्यांनी मिळून उचलत असताना अण्णांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. आपण बघितलं नाही म्हणजे आपल्याला कोणी बघितलं नाही, असं लहान मूल करतं ना, तसे.

"ती कडी काढून टाक," ताई फोनवर म्हणाली. "आजच्या आज. मला कारणं सांगू नकोस."

"ताई, त्यांना एकदा विचारून..."

"विचारायचं काय त्यात? ते नाहीच म्हणणार. आतल्या आत गेले असते म्हणजे? जन्मभर तोंड दाखवलं असतंस कोणाला?"

खोटं काय होतं त्यात? काही नाही. प्रधानजींनी स्क्रूड्रायव्हर घेतला. सुतारानं दार दुरुस्त करून दिलंच होतं, कडी तेवढी काढायची राहिली होती. अण्णा पलंगावर बसून बघत होते. कडीचे स्क्रू निघाले, कडी हातात आली, दारावर तिच्या आकाराचा फिकट डाग राहिला.

"तुमच्याच भल्यासाठी आहे अण्णा," प्रधानजी म्हणाले. हे वाक्य आपण कुठेतरी वाचलंय असं त्यांना वाटलं. आणि मग आठवलं. पोलादगडाच्या भाषणातलं पहिलं वाक्य होतं ते.

अण्णा म्हणाले, "बरं."

त्या दिवसापासून घरात एक नवा रिवाज पडला. अण्णा आत गेले की बाहेरून कोणीतरी थोड्या-थोड्या वेळानं विचारायचं, "अण्णा, बरे आहात ना?" उत्तर यायला उशीर झाला की दार बोटभर ढकलून बघायचं. बायको ढकलायची नाही, ती नवऱ्याला पाठवायची. प्रधानजी ढकलायचे. अण्णांनी आधी दाराच्या मुठीवर टॉवेल अडकवून बघितला, मग दारात चपला काढून ठेवून बघितल्या. म्हणजे, मी आत आहे, येऊ नका. पण काळजीला टॉवेल दिसतो होय? काळजी दार ढकलतेच. कोणाच्या मनात वाईट नव्हतं हो. तीच तर पंचाईत होती.

आणि त्याच सुमारास अण्णांची कवळी सैल झाली.

ही कवळी प्रधानजींनी स्वतः केली होती. हजारो अनोळखी तोंडांसाठी केल्या, पण ही बापासाठी. दातांचा रंग किंचित पिवळट ठेवला होता, चहा पिणाऱ्याचे खरे दात असतात तसा. पुढचा एक दात जरासा तिरपा बसवला होता, कारण अण्णांचा मूळचा तिरपा होता. वरची कवळी टाळूला अशी धरायची की काढताना चक्क ओढावी लागायची. आता ती बोलताना खडखडायला लागली. जेवताना निसटायची. "बसत नाही रे नीट," अण्णा म्हणाले.

प्रधानजींनी लॅबमध्ये नेली, आतून नवा थर भरला, घासली, आणून दिली. दोन दिवस बरी गेली. पुन्हा खडखड. पुन्हा नेली, टाळूची मागची कड वाढवली. पुन्हा तेच. हिरडीला आता लाल चट्टे उठले होते. निळा कागद चाववून चाववून कुठे दाब पडतो ते शोधलं, कुठेच चूक सापडेना. तिसऱ्यांदा नेली तेव्हा पॉलिशवाली म्हणाली, "प्रधानजी, घरचीच कवळी का हो बिघडते तुमची?"

"हात चुकला असेल माझा," ते म्हणाले. आणि त्यांना खरंच वाटायला लागलं होतं की आपला हात गेला. पन्नाशी उलटली, डोळे दमतात, पाठ दमते. सकाळी उठल्या उठल्याच माणूस थकलेला असेल तर त्याच्या हातून कवळी काय, पत्र्याचा डबासुद्धा धड बसणार नाही.

इकडे सभेत मदत-प्रवेश कायदा शेवटच्या चर्चेला आला. सगळे वाट बघत होते, निवांत काय बोलतो? सभापतींनी दोनदा आठवण केली. छोटे देश निरोप पाठवू लागले, "उठा की राव, तुमच्या जिवावर बसलोय आम्ही!" प्रधानजी डबे पाण्यात सोडून फोन उघडत आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत बसत. बोटं चालेनात. बोलायचं काय? कडीचं भाषण करायचं? ज्या हातानं कडी काढली त्याच हातानं?

शेवटी एका दुपारी त्यांनी लिहिलं. विरोध नाही लिहिला. दुरुस्ती लिहिली, आणि तीही पोलादगडापेक्षा कडक. संकट आल्यावर नव्हे, संकट यायच्या आधीच प्रत्येक अशक्त देशानं आपली वेस उघडी ठेवावी, म्हणजे मदतीला कोणाला दार फोडावं लागणार नाही.

सभेत हलकल्लोळ झाला. पोलादगडानं तर त्यांचंच जुनं वाक्य काढून त्यांच्यासमोर धरलं, ते घर आणि तो कोंडवाडा, आणि खाली विचारलं, "निवांतच्या सन्माननीय प्रतिनिधींना याचा विसर पडला काय?"

प्रधानजींनी उत्तर दिलं, "विसर नाही पडला. ते वाक्य लिहिलं तेव्हा मी कोणाला पडलेलं पाहिलं नव्हतं."

एवढंच. पण त्या एका ओळीनं सभा फिरली. जे देश कालपर्यंत वेस बंद, वेस बंद म्हणून ओरडत होते, ते एकेक करून दुरुस्तीच्या बाजूनं नाव देऊ लागले. मतदान संध्याकाळी होतं. प्रधानजींना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपण बाजू बदलली ती पटली म्हणून की सोयीची म्हणून, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

तेवढ्यात खासगी निरोप आला. कोपरा नावाच्या देशाचा. निवांतहूनही लहान, नकाशात दिसतसुद्धा नसे. कोपऱ्याचा प्रतिनिधी कोण, कुठला, कोणालाच माहीत नव्हतं. सभेत तो फारसा बोलत नसे, पण निवांतच्या प्रत्येक भाषणाला त्याचं मत असायचंच.

"तुम्ही पडलेला देश पाहिलात," कोपऱ्यानं लिहिलं होतं. "मी एकदा मदत मिळालेला देश होतो. तेव्हा माझं नाव वेगळं होतं. सभेनं ठरवलं, याच्या बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाबरोबर आमचा पाहणी करणारा माणूस उतरेल. चांगली माणसं होती. रोज विचारायची, बरं आहे ना? मी हो म्हणायचो. मग मी एक गोष्ट केली. जहाजंच मागवायची बंद केली. जहाज नाही, तर पाहणी नाही. कोणाला कळलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले, बघा, किती शांत झाला देश. धान्य संपून देश बुडाला, तरी कोणाला का ते कळलं नाही. त्या देशाला एकदा तरी विचारायचं होतं, तुला काय हवंय?"

प्रधानजींच्या डाव्या हातात अण्णांची कवळी होती. चौथ्यांदा आणलेली. सकाळीच अण्णांनी तोंडातून काढून दिली होती, तशीच त्यांनी ती कागदात गुंडाळून आणली होती. आता त्यांनी अंगठा आतून फिरवला. कोरडी. नुसती पुसल्यासारखी कोरडी नव्हे. आतून थुंकी वाळून पापुद्रा धरला होता.

लॅबमध्ये नवीन आलेल्या पोराला ते पहिल्याच दिवशी काय शिकवत? वरची कवळी दातांनी धरत नाही, चिकटीनं धरत नाही, थुंकीनं धरते. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सुटतात का? तसं. तोंड कोरडं पडलं की जगातली चांगल्यात चांगली कवळी खडखडते. हे शिकवणारा माणूस महिनाभर कवळीच घासत बसला होता. कारण त्यांच्याकडे कधी तोंडं येतच नसत, साचे येत. प्लास्टरच्या तोंडाला तहान लागत नाही.

जहाज नाही, तर पाहणी नाही. पाणी नाही, तर बाथरूम नाही.

"अरे देवा," प्रधानजी मोठ्यानं म्हणाले.

"काय झालं?" पॉलिशवालीनं मशीन थांबवलं.

"माझे डबे तेवढे बघ. मी घरी चाललो." ते निघाले तेव्हा अंगावर प्लास्टरनं माखलेला ॲप्रन तसाच होता.

घरी अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला होता. काठोकाठ भरलेला. बायको सकाळी भरून ठेवायची, संध्याकाळी ते पाणी कुंडीत ओतायची. झाड मात्र चांगलं तरारलं होतं.

प्रधानजींनी खिशातून तपासणीचा छोटा आरसा काढला. "आ करा अण्णा." अण्णांनी निमूट तोंड उघडलं. आरसा गालाला आतून लावला आणि काढायला गेले, तर तो चिकटून बसला. ओल्या तोंडात आरसा घसरतो. हा सुटेना. प्रधानजींनी तो सावकाश सोडवून घेतला.

"पाणी का पीत नाही तुम्ही?"

"तहान लागत नाही या वयात."

"अण्णा."

अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले, "प्यायलं की जावं लागतं."

"मग?"

"मग काय मग? तू दार ढकलतोस."

प्रधानजी पलंगाच्या कडेवर बसले. कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. बाप त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, तहानलेला राहत होता, आणि ते त्याच्या तोंडातलं प्लास्टिक घासत होते. चार लोकांनी तोंडभरून म्हणावं असा मुलगा! बापाला सांभाळतो हो, कित्ती काळजी घेतो!

"तुम्ही मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठे?" अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. दमलेले होते तेही. "बरे आहात ना, एवढंच विचारता सगळे. त्याला हो म्हणायचं असतं."

प्रधानजींनी एकदम काही बोलायचं टाळलं. सभेत बोलायची सवय वाईट असते. प्रश्न कानावर पडला की जीभ आधीच कलम तयार करते. आतून लागणारी पण बाहेरूनही उघडणारी कडी मिळते, ती लावू. घंटा लावू. दाराला काच लावू. सगळं ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"मग आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "काय करायचं?"

अण्णांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "मला विचारतोयस?"

"तुम्हालाच."

अण्णांना विचार करायला वेळ लागला. कोणी विचारेनासं झालं की उत्तरंही आत कुठेतरी मागे पडतात. "कडी लाव," ते म्हणाले. "तीच, जुनी. आणि ऐक. मी आत असेन तोवर मगावर टकटक करत राहीन. प्रोजेक्टर चालायचा ना, तो तसाच टकटक करायचा. आवाज चालू आहे तोवर वर यायचं नाही, हे मालकालाही ठाऊक होतं. आवाज थांबला आणि मी हाकेला ओ दिली नाही, तर खुशाल दार तोड. मी काही म्हणणार नाही. पण टकटक चालू असताना ढकललंस, तर याद राख."

"नाही ढकलणार."

"आणि पडलो तर आधी माझ्यावर टॉवेल टाक. मग उचल."

"हो," प्रधानजी म्हणाले.

ताईला फोन केला तेव्हा ती कडाडलीच. "वेड लागलंय का तुला? उद्या काही झालं म्हणजे?"

"झालं तर होईल ताई. पण ते आत्ताही पडतच होते. आवाज येत नव्हता एवढंच." आणि त्यांनी तिला पाण्याचं सांगितलं. पलीकडे ताईनं नाक ओढलं आणि म्हणाली, "स्क्रू नीट पिळून लाव. तुझी कामं म्हणजे अर्धवट असतात." याला ताईच्या भाषेत परवानगी म्हणत.

कडी ड्रॉवरमध्येच होती. जुनी भोकं मोठी झाली होती, त्यांत काड्या ठोकून स्क्रू घट्ट केले. दारावरच्या फिकट डागावर कडी बरोबर बसली. या सगळ्या गडबडीत मतदानाची वेळ टळून गेली होती. फोन बघितला तेव्हा सगळं उरकलं होतं. निवांतची दुरुस्ती भरघोस मतांनी मंजूर. मागे घ्यायला निवांतच तिथे नव्हता. पोलादगडाचा अभिनंदनाचा निरोप होता, सभापतींचे आभार होते, कायद्याच्या मथळ्यात निवांतचं नाव होतं. विरोधात अगदी थोडी मतं, त्यांतलं एक कोपऱ्याचं. आणि त्याखाली एक ओळ, कोपरा सभेतून बाहेर पडला. निरोप पाठवायची सोयही राहिली नव्हती. ज्याच्यामुळे बाप सापडला त्याचे आभार मानायचे राहूनच गेले, आणि ज्यासाठी वर्षभर भांडले तो वाद त्यांनी स्वतःच हरून दाखवला. उद्या काहीतरी लिहावं लागेल. आज अंगात त्राण नव्हतं. त्यांनी फोन पालथा ठेवला.

अण्णांनी स्टुलावरचा पेला उचलला. आधी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि मग डोळे मिटून घटाघटा सगळा संपवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं न बोलता पुन्हा भरून दिला. तोही संपला.

थोड्या वेळानं अण्णा उठले. भिंतीचा आधार घेत बाथरूमपर्यंत गेले. दार लोटलं. आतून कडी सरकल्याचा खट्ट आवाज आला. मग टक, टक, टक, प्लास्टिकच्या मगावर बोटांचा आवाज, संथ, एका लयीत.

प्रधानजी बाहेर जमिनीवर भिंतीला टेकून बसले. रोज बसावं लागणार, दिवसातून किती वेळा देव जाणे. पाठ दुखत होती. टकटक चालू होती.

आणि थांबली.

प्रधानजी ताडकन उठले. हात दाराकडे गेला, खांदा आपोआप पुढे आला. डोळ्यांसमोर ती ओली फरशी, ते गच्च मिटलेले डोळे. आधी हाक, मग दार, असं ठरलं होतं. त्यांनी हात मागे घेतला. घसा खाकरला.

"अण्णा?"

काही नाही. पाण्याचा आवाजसुद्धा नाही. बायको धावत येऊन उभी राहिली, तिच्या हातात टॉवेल होता. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"अण्णा!"

"अरे, ऐकू येतंय!" आतून अण्णा खेकसले. "हाताला साबण लावतोय. एका हातानं मग वाजवू की हात धुऊ?"

बायकोनं तोंडाला टॉवेल लावला, ती हसत होती की रडत होती कळेना. प्रधानजी पुन्हा खाली बसले, गुडघ्यांत डोकं घातलं, आणि ॲप्रनचं प्लास्टर गालांना लागून गाल पांढरे झाले, तरी त्यांनी ते पुसले नाहीत.

"होऊ द्या सावकाश," ते दाराला म्हणाले. "बाहेर कोणाला घाई नाही."

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग टकटक पुन्हा सुरू झाली.